मन काय फक्त माडीवाल्यांनाच असतंय?

मनाचं दुखणं ही श्रीमंतांची चैन आहे, असं आमच्या वस्तीत मानतात. आणि आमच्या वस्तीला मनच नाही, असं माडीवाले मानतात. या दोन खोट्यांच्या मध्ये सापडून आमची पोरं मरतायत. म्हणून हे लिहितोय.

मी तासगावचा. द्राक्षाच्या आणि बेदाण्याच्या मुलखातला. दहावी पास. पुढं कॉलेजचं तोंड बघितलं नाही. आता न्हावा-शेव्याच्या गोदीत कंत्राटावर राबतो. जहाजावर कंटेनर एकावर एक चढले की त्यांना लोखंडी सळ्यांनी जखडायचं, हे माझं काम. उरलेल्या वेळात कविता लिहितो. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडं नाही. डोकं आहे, आणि ते दुखतं. या विषयावर बोलायला एवढी पात्रता बास झाली.

शिकलेली माणसं म्हणतात, गरिबाला मनाच्या आजाराची भाषाच नाही, म्हणून जागृती करावी लागते. साफ खोटं. आमच्याकडं शब्द ढिगानं आहेत. घोर लागला. धास्ती बसली. जीव उडाला. काळीज कुरतडतंय. कशात जीव रमंना. डोस्कं भणभणतंय. यातला एकेक शब्द डॉक्टरच्या अर्ध्या पुस्तकाएवढा आहे. पण हे शब्द दवाखान्याच्या दारात चपलेसारखे बाहेर काढून ठेवावे लागतात. आमची आई डॉक्टरपुढं बसते आणि सांगते, "अंग दुखतंय, भूक न्हाई, रातभर डोळा लागत न्हाई." डॉक्टर वर न बघता सलाईन लावतो. सलाईन संपतं, दिवसाची हजरी त्यात जाते, घोर आपल्या जागी तसाच. आजार अंगातनं बोलतो हे जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. पण आमच्या आईला "मावशी, कसला घोर लागलाय?" असं विचारायला वेळ कुणाकडं आहे?

मग ती देवऋष्याकडं जाते. तिला हसायचं काम नाही. देवऋषी तिला नाव-गाव विचारतो, घरात कोण कोण, कुणाशी वाकडं, काय गेलं, काय हरवलं, सगळं विचारतो. तास-तासभर ऐकतो. लुबाडतो, पण ऐकून लुबाडतो. बाईच्या अंगात येतं तेव्हा काय होतं ते नीट बघा. वर्षभर सासूपुढं, नवऱ्यापुढं, बागायतदारापुढं खाली मान घातलेली बाई त्या घटकेला मोकळे केस सोडून ओरडते आणि सगळे तिच्या पाया पडतात. वर्षात तेवढीच घटका तिची. ती बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी तिला ओरडायची दुसरी जागा दाखवावी.

पण देवऋष्याचा धंदा कुठवर जातो तेही सांगायला पाहिजे. आमच्याच जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला, २०२२ च्या जूनमध्ये एकाच कुटुंबातली नऊ माणसं मरून पडली. आधी सगळे म्हणाले, सावकारीपायी आत्महत्या. पुढं पोलिसांनी गुप्तधनाचं आमिष दाखवणाऱ्या मांत्रिकावर विष घालून मारल्याचा आरोप ठेवला आणि त्याला अटक केली. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर याच धंद्याविरुद्ध उभे राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, आणि मग त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. याच माणसानं साताऱ्यात दारू सोडवायचं केंद्रही काढलं होतं, हे आपल्यातले किती जण सांगतात? भोंदूला हाकलायचं तर त्याची रिकामी झालेली खुर्ची कुणीतरी भरावी लागते, हे त्यांना कळलं होतं.

आता जातीकडं येतो. मनाच्या शहाण्यांना हा शब्द उच्चारला की घसा खाकरावा लागतो.

उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ बायांनी एक प्रयोग केला. २००४ साली तो छापून आला. सहावी-सातवीची ६४२ मुलं घेतली. निम्मी वरच्या जातींची, निम्मी खालच्या म्हटलेल्या जातींची. त्यांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जितके सोडवाल तितके पैसे. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा दोन्हीकडच्या पोरांत फारसा फरक पडला नाही. दोन्ही सारखीच हुशार. मग दुसऱ्या गटांत सगळ्यांसमोर नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. आणि खालच्या म्हटलेल्या जातींच्या पोरांचे सुटलेले चक्रव्यूह धाडकन कमी झाले. कागद तोच, पेन्सिल तीच, डोकं तेच. मध्ये फक्त जात उच्चारली गेली.

मित्रांनो, हा प्रयोग आपल्यावर दर वर्षी होतो आणि तो कुठं छापून येत नाही. वर्ग भरलेला असतो. शिपाई चिठ्ठी घेऊन येतो. मास्तर चष्मा सावरून म्हणतो, "एससीची पोरं उभी राहा, स्कॉलरशिपचे फॉर्म आलेत." आपण उभं राहतो. चाळीस माना वळतात. पुढचा तास गणिताचा असतो. त्या तासाला डोक्यात काय शिरणार? आणि मग निकाल लागला की तोच मास्तर म्हणतो, यांच्यात बुद्धीच कमी. बुद्धी कमी नसते मास्तर. तुम्ही ती उभी करून ठेवलेली असते.

अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या काळ्या नवरा-बायकोनं काळ्या लेकरांपुढं गोरी आणि काळी बाहुली ठेवून विचारलं होतं, यातली चांगली कोणती? बऱ्याच लेकरांनी गोरीकडं बोट केलं. १९५४ साली शाळांमधला वर्णभेद मोडणारा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दिला, तेव्हा क्लार्कच्या या अभ्यासाचा हवाला दिला गेला. म्हणजे मानसशास्त्र कोर्टात जाऊन भांडू शकतं. बाबासाहेबांनी तर त्याच्या आधी, १९३६ साली, लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेल्या आणि कधीच होऊ न दिलेल्या भाषणात जातीला मनातली गोष्ट म्हटलं होतं. आपण ते पुस्तक शोकेसमध्ये ठेवलं आणि मनाचं खातं दुसऱ्यांना देऊन टाकलं.

गरिबीचंही तेच. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवर एक अभ्यास झाला. २०१३ साली 'सायन्स' नावाच्या मोठ्या नियतकालिकात तो आला. तोच शेतकरी, उसाचं बिल हातात पडायच्या आधी आणि पडल्यानंतर, असा दोनदा तपासला. बिलाआधी, हात तंगीत असताना, त्याचं डोकं कोड्यांमध्ये अडखळायचं. बिल मिळाल्यावर तेच डोकं बरं चालायचं. आमच्या सांगलीकडच्या माणसाला हे शास्त्रज्ञाकडनं कळायची गरज नव्हती. कारखान्याचं बिल थकलं की घरात भांडी कशी आदळतात हे इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. पण शेतकऱ्याला निदान बिल तरी येतं. त्याच्या बांधावर रोजानं राबणाऱ्याचं बिल कधी येणार? त्याचं डोकं बारमाही बिलाआधीचंच.

आकडे बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणं २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ माणसांनी जीव दिला. त्यातले ४२,००४ रोजंदारीवाले. म्हणजे चारांत एक. २०१४ साली हेच प्रमाण शंभरात बारा होतं. सगळ्यांत जास्त आत्महत्या महाराष्ट्रात, २२,२०७. आता सांगा, मनाचं दुखणं ही कुणाची चैन?

आता करिअर. हा शब्द आमच्याकडं उशिरा आला. आमच्या बापाला काम होतं, आज्याला बलुतं होतं, पणज्याला येसकरकी होती. करिअर आमच्याच वाट्याला आलं.

मी दहावीला होतो ते साल २०१६. त्या साली राज्यात पहिल्यांदाच दहावीच्या पोरांची कलचाचणी झाली. संगणकापुढं बसायचं, काय आवडतं ते सांगायचं. मग तुमचा कल कुठं आहे ते कागदावर मिळायचं. कृषी, वाणिज्य, तांत्रिक, ललित कला, गणवेशधारी सेवा, असे रकाने. माझ्या कागदावर कृषी आलं. कागद खोटं बोलला नव्हता. मला वेलीची छाटणी आवडते, मातीचा वास आवडतो, लहानपणापासनं द्राक्षाच्या बागेत आईबरोबर विरळणीला गेलोय. मणी बघून साखर भरली का नाही ते सांगतो. पण आमच्या नावावर गुंठाभर रान नाही. कल आहे, जमीन नाही. आणि ज्याच्या नावावर पंधरा एकर बाग आहे त्याच्या पोराला पुण्यात इंजिनिअर व्हायचं होतं, तो झाला. बाग पडीक नाही राहिली. तिच्यात आमची भावकी राबते.

चाचणी मन मोजते. सातबारा मोजत नाही. त्यात चाचणीचा गुन्हा नाही. गुन्हा त्यांचा, जे मनाचं माप हातात देतात आणि जमिनीचं माप लपवतात. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले, ते कशासाठी? आज त्यांच्या नावाची सबलीकरण योजना आहे. भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर कोरडवाहू नाहीतर दोन एकर बागायती. कागदावर झकास. पण सरकारी दरात द्राक्षाच्या मुलखातलं रान विकायला कोण बसलंय? माझ्या मते भूमिहीनाच्या पोराचं खरं करिअर मार्गदर्शन म्हणजे ही योजना जमिनीवर उतरवणं. "स्वतःला ओळखा" या भाषणानं ते होणार नाही. आम्ही स्वतःला चांगलं ओळखतो. तलाठी ओळखत नाही.

दुसरा रस्ता स्पर्धा परीक्षेचा आणि भरतीचा. पहाटे चारला रस्त्यावर धावणारी पोरं तासगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात बघा. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. जाहिरात निघत नाही, निघाली तर परीक्षा पुढं ढकलते, झाली तर निकाल कोर्टात. २०२१ च्या जूनमध्ये पुण्यात एका तरुणानं जीव दिला. लोकसेवा आयोगाची पूर्व आणि मुख्य परीक्षा पास झालेला पोरगा, मुलाखतीची वाट बघत होता. तो नापास झालेला नव्हता हे ध्यानात घ्या. वाट बघून मेला. आणि यावर सांगायला येणारे सांगतात, अपयश पचवायला शिका. अरे, अपयश तरी कुठं दिलंत पचवायला? ताटकळत ठेवणं हा काय पोरांच्या मनाचा आजार आहे?

रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला मुंबईत गेली, तिच्या तीन वरिष्ठ डॉक्टरणींवर गुन्हा दाखल झाला. दर वेळी कुणीतरी म्हणतं, मन कमकुवत होतं. गावकुसाबाहेरनं निघून विद्यापीठापर्यंत, दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत चालत आलेलं मन कमकुवत? तेवढं चालून दाखवा, मग बोलू.

इथपर्यंत आपले कार्यकर्ते टाळ्या वाजवतील. आता त्यांच्याशी भांडतो.

आपल्यातले काही जण म्हणतात, हे सगळं व्यवस्थेचं आहे, व्यवस्था बदलली की मनं आपोआप बरी होतील, गोळ्या हे भांडवलदारांचं थोतांड. दोस्तहो, वस्तीत ताप येतो तो तुंबलेल्या गटारामुळं. गटार कुणी तुंबवलं, नगरपालिका आपल्याच वस्तीचं गटार का काढत नाही, यावर मोर्चा काढलाच पाहिजे. पण खाटेवर फणफणणाऱ्या पोराला आधी गोळी द्यायची की मोर्चाची तारीख सांगायची? गोळीही पाहिजे, गटारही काढलं पाहिजे. एक केलं की दुसरं माफ, असा हिशोब नाही.

फ्रान्त्झ फॅनन आपल्याला आवडतो. मार्टिनिक बेटावरचा काळा माणूस. भाषणात त्याचं नाव घेतलं की वजन येतं. पण तो पेशानं मनाचा डॉक्टर होता हे आपण विसरतो. १९५३ पासून अल्जीरियातल्या ब्लिडाच्या इस्पितळात त्यानं रुग्ण तपासले. गुलामगिरीनं वेडी झालेली माणसं बरी करून पुन्हा गुलामगिरीतच धाडायची, हे त्याला पटेना, तेव्हा १९५६ मध्ये राजीनामा फेकला आणि स्वातंत्र्ययुद्धात गेला. पण ट्युनिसला जाऊनही त्यानं दवाखाना सोडला नाही. दिवसा रुग्ण, बाकी वेळ क्रांती. क्रांती झाल्यावर या, असं त्यानं कुठल्या रुग्णाला सांगितलं नाही. आपण सांगतोय.

आणि आपल्या चळवळीतला पुरुष रडत नाही. तो दारू पितो. मोर्चात वाघ, घरी बायकोच्या अंगावर वाघ, आणि रात्री दोन वाजता छताकडं बघत जागा. कुणी म्हणालं, "भाऊ, मला काय बरं वाटंना," तर आपण म्हणतो, "येडा झाला काय? बायकांसारखं काय करतो?" ही भाषा आपल्याला कुणी शिकवली? मनूनंच ना?

माझ्या ओळखीचा एक पोरगा आहे. तीनदा भरतीत गेला, तिसऱ्यांदा अर्ध्या गुणानं राहिला. मग बोलायचा बंद झाला. अंघोळ नाही, जेवण नाही, भिंतीकडं तोंड करून पडायचं. लोक म्हणाले, बाहेरचं लागलं. उतारे झाले, कोंबडं झालं, आईच्या कानातलं गेलं. शेवटी त्याच्या बहिणीनं, नववी शिकलेल्या बहिणीनं, त्याला हाताला धरून एस.टी.त घातलं आणि मिरजेला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडं नेलं. पहिल्या महिन्यात फरक पडला नाही. सगळे म्हणाले, बघ, सांगितलं होतं. ती हटली नाही. आता तो बेदाण्याच्या शेडवर हजेरी लिहितो आणि गोळ्या वेळेवर घेतो. नोकरी त्याला अजून मिळालेली नाही. तो जिवंत आहे. नोकरीसाठी भांडायला माणूस जिवंत लागतो.

कायदा आपल्या बाजूचा आहे, हे वस्तीत कुणाला ठाऊक नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात सरकारी खर्चानं चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क लिहिलाय, आणि जात, धर्म, वर्ग, लिंग यावरनं भेद करायचा नाही असंही लिहिलंय. रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस पराकोटीच्या ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, असं हा कायदा म्हणतो. जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितेत तसं राहिलेलं नाही. तरी आपल्याकडं असा माणूस वाचला की घरचे आधी पोलिसाला भितात, मग दवाखाना शोधतात.

राज्याची मोठी मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे. आणि तरी बंगळूरच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या पाहणीत दिसलं की दुखणं असलेल्यांतले बहुसंख्य उपचारापर्यंत पोचतच नाहीत. लाखामागं एक मनाचा डॉक्टरसुद्धा बऱ्याच राज्यांत नाही. मग जागृती कुणाची करायची? रुग्णाची की सरकारची?

म्हणून मागायचं ते असं मागू. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरल्या वारी मनाचा डॉक्टर बसला पाहिजे आणि गोळ्या तिथंच मिळाल्या पाहिजेत, कारण मिरजेला जायचं म्हणजे एक हजरी बुडते आणि दर महिन्याला बुडते. शाळेत जातीचं नाव घेऊन पोरं उभी करायची नाहीत, फॉर्म गुपचूप हातात द्यायचे. बागायतदारानं औषध, म्हणजे फवारणीचं विष, मजुराच्या खोलीत ठेवायचं नाही, कुलपात ठेवायचं. श्रीलंकेनं जहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या निम्म्याहून खाली आल्या. माणसाचा तो वाईट तास टळला तर माणूस टळतो. आणि कामाच्या ठिकाणी, गोदीत असो की बेदाण्याच्या शेडवर, मनाच्या दुखण्याची रजा ही रजा धरली पाहिजे. गोदीत आमच्या गावाकडचा द्राक्षाचा कंटेनर आला की त्याला वीज जोडतात आणि आतलं तापमान परत परत बघतात. मणी सुकता कामा नये म्हणून. मण्याची एवढी काळजी घेता येते, तर मजुराची का नाही?

हे सरकारकडं मागायचं. आपल्याकडं आपणच काय मागायचं? प्रत्येक वस्तीत दोन माणसं तयार करू. एक बाई, एक पुरुष. त्यांनी फक्त ऐकायचं, चुगली करायची नाही, उपदेश करायचा नाही, आणि गरज पडली की हाताला धरून दवाखान्यात न्यायचं. टेलिमानस नावाचा सरकारी फोन २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर विहाराच्या भिंतीवर रंगवा. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकापेक्षा मोठ्या अक्षरात रंगवा.

येत्या रविवारी वंदना झाली की लगेच उठू नका. भाषण ठेवू नका, हार ठेवू नका. गोल बसा, बाया-बापे मिळून. शेजारच्याला एवढंच विचारा, "रात्री झोप लागती का रं?" तो "लागती की" म्हणेल. हसून म्हणेल. तरी उठू नका. परत विचारा.

जयभीम.